सहा सेंटिमीटरचा टी-३४ आणि रस्त्याकडेचा पोकलेन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतरांनाही कळेल. दुसऱ्या महायुद्धातली, १९४३ च्या उन्हाळ्यातली कुर्स्कची (रशियातली) लढाई छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायची म्हणून तुम्ही १/१०० मापाचे पाच टी-३४, म्हणजे सोव्हिएत रणगाडे, घेतलेत. हिरवा रंग दिलात आणि व्हिडिओ बघून वेदरिंग केलंत, म्हणजे वापरून जुने, मळलेले दिसावेत असे रंगवलेत. सगळीकडे काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), स्पंजने ओरखडे, नारिंगी गंज, खालून तपकिरी चिखल. हातात धरले की बरे वाटतात, पण टेबलावर ठेवले की 'पाच काळपट ढेकळं' दिसतात, हे तुमचेच शब्द. चूक कुठे झाली, क्रम काय हवा, इथे मिळणाऱ्या सामानात भागेल का आणि हे पाच वाचतील का, असं विचारलंत.

वाचतील. चार तर नक्कीच. पाचव्याचं शेवटी बघू.

तुमचा हात वाईट नाही, माप चुकलंय. तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुधा १/३५ मापाचे असणार. ते मॉडेल वीतभर लांब, काचेच्या कपाटात राहणारं, आणि बघणारा त्याला नाक लावून बघतो. खरा टी-३४ तीन मीटर रुंद, म्हणजे आपला तीन सेंटिमीटर. तोफेची नळी सोडली तर लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास. आता हिशेब करा. तुमच्या स्पंजचा ठिपका अर्धा मिलिमीटर असेल तर खऱ्या रणगाड्यावर तो पाच सेंटिमीटरचा झाला. दोन मिलिमीटरचा डाग म्हणजे वीस सेंटिमीटर, पोह्यांच्या बशीएवढा. फोटोत मी मोजले, तुमच्या एका टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, असे चौदा आहेत. चौदा बशा भरून रंग उडालेला रणगाडा कुठल्याही कारखान्याने आघाडीवर पाठवला नसता.

दुसरा हिशेब अंतराचा. खेळताना आपण उभे असतो आणि साधारण तीन फुटांवरून, तेही वरून बघतो. तीन फुटांवरचा १/१०० चा रणगाडा म्हणजे नव्वद मीटरवरचा खरा रणगाडा. एवढ्या लांबून नटबोल्ट दिसत नाहीत. आकार दिसतो, उजेड आणि सावली दिसते, खालच्या अंगाची धूळ दिसते. तुमचा सगळा जीव नटबोल्टांत गेला आणि उजेड काळ्या वॉशने खाऊन टाकला. म्हणून ढेकळं.

तेव्हा या मापावर पहिलं काम फिकं करण्याचं आणि घाण त्यानंतर, एवढं पक्कं धरा.

आता कुर्स्क. गंज किती आणि धूळ किती, हे आपल्या आवडीवर नाही, त्या रणगाड्याचं काय झालं होतं त्यावर ठरतं. १२ जुलैला प्रोखोरोव्हकाला जी लढाई झाली, तिच्यात उतरलेली सोव्हिएत जनरल रोत्मिस्त्रोव्हची पाचवी गार्ड्स टँक आर्मी त्याआधीच्या दिवसांत तीनशेहून जास्त किलोमीटर स्वतःच्या पट्ट्यांवर चालून आली होती. भर जुलै, कच्चे रस्ते, एकामागे एक शेकडो वाहनं. म्हणजे धूळ, धूळ आणि धूळ. लढाईच्या दिवशी पाऊसही झाला, त्यामुळे थोडा चिखल दाखवलात तरी कुणी हरकत घेणार नाही. गंजाचं मात्र वेगळं आहे. गंज चढायला वेळ लागतो आणि त्या आघाडीवरच्या टी-३४ ला तेवढं आयुष्य मिळतच नव्हतं. नारिंगी ओघळ कुर्स्कच्या चालत्या रणगाड्यावर जवळपास नकोतच.

तिथली माती चेर्नोझेम, काळी. आपल्या कापसाच्या काळ्या मातीसारखीच दिसते म्हणा ना. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जास्त सांगायला नको. ओली असताना जवळजवळ काळी, वाळली की राखाडी-तपकिरी, आणि उडून पत्र्यावर बसली की आणखी फिकी. तुम्ही लावलाय तो लालसर चॉकलेटी चिखल कोकणातला आहे. कुर्स्कला जांभा नाही.

रणगाडा आपल्याला रोज बघायला मिळत नाही, पण पोकलेन मिळतो. आमच्या गल्लीत ड्रेनेजच्या कामाला एक पोकलेन तीन आठवडे उभा होता. माझं या छंदातलं निम्मं शिक्षण त्याच्यावर झालं. चेनची जी कड जमिनीला टेकते ती घासून चांदीसारखी झालेली. खोबणीत वाळकी माती ठासून बसलेली. बाकीची चेन गडद, करडी-तपकिरी. नारिंगी कुठेच नाही. मग एका शनिवारी रात्री पाऊस पडला आणि रविवारी काम बंद होतं. सोमवारी सकाळी बघतो तर त्याच चकचकीत कडांवर नारिंगी पापुद्रा, पातळ, पावडर लावल्यासारखा. ऑपरेटर आला, मशीन तासभर पुढे-मागे झालं आणि पापुद्रा गेला, पुन्हा चांदी. चालत्या ट्रॅकला गंज का दाखवू नये हे मला तेव्हा कळलं. उभ्या राहिलेल्या ट्रॅकला दाखवा खुशाल.

अंगावर बघावं तर धूळ खालून वर विरळ होत गेलेली, आणि आडव्या जागी, कोपऱ्याकोपऱ्यांत साचलेली. पावसाचं पाणी जिथून ओघळलं तिथे धुळीत उभ्या रेघा. डिझेलच्या झाकणाखाली काळा, ओलसर दिसणारा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटून झालेला लेप. रंग उडालेला फक्त दोन-तीन ठिकाणी. ऑपरेटर ज्या पायरीवर पाय ठेवतो ती, ज्या मुठीला धरून चढतो ती, आणि बकेट. बकेट सोडा, ती आपल्याला नाही. पण पायरी आणि मूठ टी-३४ वर शोधा. ड्रायव्हर पुढच्या तिरप्या पत्र्यातल्या झडपेतून आत शिरायचा, तेव्हा त्या झडपेची कड. टरेटवर तुमच्या मॉडेलला दोन गोल झाकणं आहेत, त्यांच्या कडा. आणि रणगाड्यावर बसून जाणारे पायदळाचे सैनिक ज्या कड्यांना धरायचे त्या कड्या, आणि त्यांच्या बुटांखालचा इंजिनवरचा भाग. एवढ्याच जागा. टरेटच्या बाजूच्या भिंतीला कोण हात लावतंय? तिथे ओरखडे कशाला?

आता कामाचा क्रम सांगतो. मी जसं करतो तसं.

प्रायमर, म्हणजे सगळ्यात खालचा हात, गडद तपकिरी घ्या, काळा नको. खाचांत प्रायमर उरतो आणि तोच सावलीचं काम करतो. काळी सावली या मापावर भोकासारखी दिसते. त्यावर मूळ हिरवा. सोव्हिएत रणगाड्यांचा ठरलेला हिरवा '४बीओ' नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या नेमक्या छटेवरून लोक रात्र-रात्र भांडतात. तुम्ही भांडू नका. वलेहो कंपनीचा रशियन ग्रीन घ्या किंवा कॅमलच्या ॲक्रिलिकमधून पिवळ्या मातकट रंगात हिरवा आणि थोडा काळा घालून मिसळा, तीन फुटांवरून फरक कळत नाही. कळतो तो फिकटपणा. छोट्या वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून डबीतला रंग आहे तसा वापरू नका, चार थेंबांना एक थेंब बफ, म्हणजे फिका पिवळट मातकट रंग, घाला. पांढरा घालू नका. पांढऱ्याने हिरवा पिस्त्याच्या बर्फीकडे जातो.

हा झाला पहिला हात, सगळीकडे. मग त्याच मिश्रणात आणखी बफ घालून फक्त वर तोंड असलेल्या जागा. टरेटचं छत, इंजिनवरचा भाग, पुढच्या तिरप्या पत्र्याचा वरचा अर्धा. तिसऱ्यांदा आणखी फिकं करून गोल झाकणं आणि अगदी वरच्या कडा. आता मॉडेल हातात धरलं तर कार्टूनसारखं दिसेल आणि तुम्ही घाबराल. घाबरू नका, पुढचे सगळे थर त्याला गडद करत जाणार आहेत. पहिल्या वेळी सगळेच इथे कच खातात. मीही खाल्ली होती.

आकडे आणि खुणा याच वेळी काढून घ्या, घाणीच्या आधी. पांढरा शुद्ध पांढरा नको, किंचित मळका. हाताने काढलेला वाकडा आकडा चालतो. खरे आकडेही कुणी शिपायाने ब्रशनेच काढलेले असायचे.

मग ग्लॉस व्हार्निश. ही पायरी नवखे गाळतात, आणि माझ्या मते ढेकळांचं दुसरं मूळ हेच. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यावर वॉश टेकवला की तो टीपकागदावर शाई पसरावी तसा जागच्या जागी पसरतो आणि डाग पडतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तोच वॉश खाच शोधत पळतो.

पिन वॉश, म्हणजे फक्त खाचांत सोडलेला वॉश, कसा करायचा ते जरा सावकाश सांगतो, कारण बाकी काही नाही जमलं आणि एवढं जमलं तरी रणगाडा उठून दिसतो. ऑइल पेंटचा बर्न्ट अंबर घ्या, आर्टवाल्या कुठल्याही दुकानात ट्यूब मिळते. मटारएवढा रंग पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास तसाच ठेवा. पुठ्ठा तेल शोषून घेतो, नाहीतर वॉश वाळायला दिवस लागतात आणि वर चकाकतो. मग बाटलीच्या झाकणात थोडं टर्पेंटाइन आणि त्यात हा रंग, बिनदुधाच्या कडक चहाएवढा दाट. ० नंबरचा टोकदार ब्रश बुडवायचा, टोक एकदा कापडाला टेकवायचं, आणि टरेट जिथे खालच्या भागावर बसतो त्या खाचेला नुसतं टोक लावायचं. ओढायचं नाही. रंग आपोआप खाचेतून पळत जातो, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. तो थांबला की पुढे पुन्हा टोक लावायचं. झाकणांभोवती, इंजिनच्या जाळीत, झडपेच्या कडेला, बाजूच्या कड्यांच्या बुडाशी. बस. सपाट पत्र्यावर एकही थेंब नको. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसायचा आणि सांडलेलं वरून खाली ओढत पुसायचं. या ओढण्यात उभे अस्पष्ट ओघळ राहतात ते राहू द्या. पोकलेनवरच्या पावसाच्या रेघा आठवा.

इथे एक सावधगिरी, माझ्या हातून घडलेली. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन मागितलं की बरेचदा 'थिनर' हातात ठेवतात. दोन्ही तसल्याच प्लास्टिकच्या बाटल्यांत. एका दिवाळीत दुकानात गर्दी होती, मी लेबल न वाचता बाटली घेऊन आलो आणि दोन पँथरवर, म्हणजे जर्मन रणगाड्यांवर, वॉश मारला. एनसी थिनर रंग खातो, खालचं प्लास्टिकही खातो. मिनिटभरात टरेटचं छत साखरेच्या पाकासारखं सुटलं. दुकानदाराला काय बोलणार, वाचायला मला येत होतं. तेव्हापासून नवी बाटली आणली की आधी मॉडेलचे भाग सोडवून उरलेल्या प्लास्टिकच्या सांगाड्याच्या तुकड्यावर थेंब टाकून दहा मिनिटं बघतो. आणि खिडकी उघडी ठेवतो. टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत डोकं धरतो.

खऱ्या टर्पेंटाइननेही एक त्रास होतो. जिथे भाग ताणून चिकटवलेत, तिथे ते फटीत भरपूर शिरलं तर प्लास्टिकला तडा जातो. ट्रॅकच्या जोडावर आणि दाबून बसवलेल्या चाकांवर वॉशचं डबकं करू नका.

ओरखडे वाळल्यावर. रंग एकच, काळ्याकडे झुकणारा तपकिरी. चंदेरी नाही, नारिंगी नाही. स्पंज वापरायचाच तर भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग तोडून चिमट्यात धरा, रंगात टेकवा, मग कागदावर सात-आठ वेळा टेकवून जवळजवळ कोरडा करा, आणि फक्त वर सांगितलेल्या जागी. मी एका रणगाड्यावर दहा-बारा ठिपक्यांच्या पुढे जात नाही. त्यांतले तीन-चार ड्रायव्हरच्या झडपेला देतो.

इंजिनच्या धुरासाठी मागच्या दोन नळकांड्यांभोवती मॅट काळा, ब्रश जवळजवळ कोरडा करून गोल फिरवायचा. नळकांडी स्वतः तापून गंजतात, तिथे तुमचा नारिंगी-तपकिरी घाला, हौस फिटेल. बाजूला इंधनाचे गोल पिंप असतील तर झाकणाखाली एक ओघळ, बर्न्ट अंबरचाच, पण यात थोडं ग्लॉस व्हार्निश मिसळून. टी-३४ डिझेलवर चालायचा आणि डिझेलचा डाग ओलसरच दिसतो. एका रणगाड्यावर एकच.

आता धूळ, आणि सामानाचा प्रश्न. परदेशी पिगमेंटच्या, म्हणजे रंगीत पावडरीच्या, बाटल्या महाग पडतात हे खरं. मी मुलतानी माती वापरतो. किराणा दुकानात मिळते तीच. मलमलच्या कापडातून दोनदा गाळायची, गुठळी राहता कामा नये. तिचा रंग जात्याच फिका, पिवळट-करडा. चेर्नोझेमसाठी तिच्यात थोडा काळा आणि थोडा तपकिरी सॉफ्ट पेस्टल सॅंडपेपरवर घासून मिसळायचा. सॉफ्ट पेस्टल म्हणजे कोरडा खडू. मुलं शाळेत वापरतात ते ऑइल पेस्टल मेणकट असतात, त्यांची पूड होत नाही. रांगोळीचे रंग सुचतील तुम्हाला, सगळ्यांनाच सुचतात. ते दाणेदार असतात. पाव मिलिमीटरचा दाणा म्हणजे अडीच सेंटिमीटरचा खडा, आणि टी-३४ वर खडी अंथरल्यासारखं दिसतं. घराच्या कुंडीतली मातीही नको. तिच्यात काड्या असतात, ओल असते, आणि पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते.

पण खेळायच्या मॉडेलवर धुळीचं मुख्य काम पावडरीने करू नका, हे माझं मत आहे आणि ते अनुभवाने झालेलं आहे. हातात घेऊन हलवताना पावडर बोटांना लागते, आणि पक्की करायला वरून मॅट व्हार्निश मारलं की निम्मी दिसेनाशी होते. म्हणून आधी रंगाने धूळ करा. बफमध्ये कणभर करडा घालून पातळ केलेला ॲक्रिलिक, चाकांवर आणि खालच्या बाजूंवर ब्रश टेकवत टेकवत, वर जाताना पाणी वाढवत. चाकांच्या वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत पोचलं की थांबा. मग मोठ्या मऊ ब्रशने जवळजवळ कोरडा बफ खालून वर एकदा. पावडर फक्त शेवटी, चाकांच्या मधल्या फटीत आणि मागच्या पत्र्याच्या खालच्या भागात. टर्पेंटाइनचा एक थेंब सोडला की ती भिजून काळी पडते आणि तुम्हाला वाटतं सगळं बिघडलं. वाळली की पुन्हा फिकी होते. वाळेपर्यंत हात लावू नका.

ट्रॅकसाठी खालचा रंग गडद करडा-तपकिरी, मग धुळीचा पातळ हात, आणि मग ६बी पेन्सिल. पेन्सिलीचं शिसं आडवं धरून ट्रॅकच्या उंच कडांवरून फिरवायचं. पोकलेनच्या कडेची ती चांदी जशीच्या तशी येते. चंदेरी रंगाने ती भांड्याच्या कल्हईसारखी दिसते.

शेवटचं मॅट व्हार्निश. हे पावसाळ्यात स्प्रेने मारू नका. मी एका जुलैत दहा रणगाडे, म्हणजे टी-३४ ची अख्खी कंपनी, बाल्कनीत एका ओळीने मांडून स्प्रे मारला. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा अशी की मिठाच्या बरणीत पाणी सुटावं. दहा मिनिटांनी दहाही रणगाडे पीठ पेरल्यासारखे पांढरे. महिनाभराचं काम होतं. दोन दिवस बघवत नव्हतं त्यांच्याकडे. पुढे एका उन्हाच्या दिवशी ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला तेव्हा पांढरेपणा बराचसा बसला. मग पुन्हा मॅट, तेही ब्रशने. दहातले आठ सुधारले. उरलेल्या दोघांवर कापसाची धुळीची शेपटी लावून ते आता फक्त 'वेगाने जातात'. तेव्हा जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचं पाण्यावरचं व्हार्निश, नाहीतर थांबायचं.

कंपनीवरून आठवलं. १९४३ मधली टी-३४ ची कंपनी दहाची, तीन-तीनच्या तीन प्लाटून आणि एक कमांडरचा. तुम्ही पाचावर थांबणार नाही, कुणी थांबत नाही. पुढचे एकेक करून पूर्ण करू नका. एक पायरी सगळ्यांवर, मग पुढची पायरी सगळ्यांवर. मात्र धूळ सगळ्यांना सारखी देऊ नका. ताफ्यात पुढचा रणगाडा धूळ उडवतो आणि मागचे खातात. मी पहिल्याला गुडघ्यापर्यंत देतो आणि शेवटच्याला पार टरेटच्या गळ्यापर्यंत. टेबलावर एका ओळीत उभे केले की न सांगता मोर्चा कुठून कुठे चाललाय ते दिसतं.

समोरच्या जर्मन रणगाड्यांना हेच गणित उलटं लागतं. फेब्रुवारी १९४३ पासून त्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला, त्यावर युनिटमध्येच पातळ करून मारलेले ऑलिव्ह हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे. पिवळ्यावर धूळ दिसत नाही. तिथे पिन वॉशवर भर द्या, आणि धुळीने पट्ट्यांचा भडकपणा मारायला मदत होते एवढंच.

खरा रणगाडा बघायची इच्छा असेल तर अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सेंच्युरियन, विजयंत, पकडून आणलेला पॅटन, सगळे उघड्यावर उभे. वेदरिंग शिकायला मात्र ते उपयोगाचे नाहीत. त्यांना जपण्यासाठी हातावर हात देऊन रंगवलेलं असतं, जाड आणि स्वच्छ. तिथे ओतीव टरेटचा खरखरीतपणा बघा, वेल्डिंगच्या शिवणी बघा, आणि पाऊस पडून गेला असेल तर पाणी कुठे साचतं ते नक्की बघा. मी तिथे दीड तास एका मडगार्डजवळ वाकून उभा होतो. रखवालदाराने येऊन विचारलं, काही पडलंय का?

आता तुमचे पाच. रंग काढू नका, गरज नाही. जुना टूथब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने सुटी पावडर घासून काढा, वाळवा. नारिंगी आणि बशीएवढे डाग मूळ हिरव्याने झाका. मग बफ मिसळलेला फिका हिरवा छतांवर, इंजिनवर आणि झाकणांवर, दोन हात. खाचांत तुमचा काळा वॉश आहेच, तो आता सावली म्हणून कामाला येईल, पुन्हा पिन वॉश फक्त टरेटच्या बुडाशी द्या. लाल चिखलावर राखाडी-बफ धूळ. ट्रॅकला पेन्सिल. एका रविवारचं काम आहे. प्रत्येक पायरीनंतर रणगाडा खाली ठेवा, उभे राहा, तीन फुटांवरून बघा. मगच पुढची पायरी.

पाचवा म्हणजे तो, ज्याच्यावर गंज सगळ्यात जास्त चढलाय. त्याला सुधारू नका, उलट पुढे न्या. खेळात मारला गेलेला रणगाडा टेबलावर तसाच राहतो आणि त्याच्या जागी ठेवायला एक जळका लागतोच. जळलेल्या रणगाड्याचा रंग होरपळून जातो, उघडं पडलेलं पोलाद काही दिवसांतच नारिंगी होतं, चाकांवरचं रबर जळून नुसत्या पोलादी चकत्या उरतात. तेव्हा चाकांच्या कडा कटरने थोड्या उतरवा, एक गोल झाकण उघडं चिकटवा, टरेट जरा तिरका फिरवा. झाकणांच्या आणि जाळीच्या वर मॅट काळा, चाकांभोवती राखेसारखा पांढरट करडा. बाकी सगळ्या अंगावर तुमचा तो नारिंगी, मोकळ्या हाताने.